दादरहून रात्रीची तुतारी: घरातून निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी तिकीट हातात घ्या आणि तारीख मोठ्याने वाचा. दादर-सावंतवाडी तुतारी एक्सप्रेस, गाडी क्रमांक ११००३, दादरहून सुटते रात्री ००:०५ वाजता. म्हणजे तिकिटावर १६ मे असेल, तर तुम्हाला स्टेशनवर पोचायचं आहे १५ मेच्या रात्री. आमच्या घरी ही चूक झालेली आहे. आईने कॅलेंडरवर तिकिटाची तारीख गोल केली, त्या रात्री आम्ही तीन बॅगा, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि आजीला घेऊन दादर गाठलं, आणि टीसीने तिकीट पाहून सांगितलं की तुमची गाडी काल रात्रीच गेली. आजी काही बोलली नाही, बाकड्यावर बसून राहिली. तेव्हापासून कॅलेंडरवर तिकिटाची तारीख गोल करायची नाही, घरातून निघायची संध्याकाळ गोल करायची, असा आमच्याकडे नियम आहे. बुकिंग करतानाही तेच: १५च्या रात्री निघायचं, तर तारीख १६ टाका.

मग स्टेशनचं नाव नीट बघा. दादर हे एक स्टेशन दिसत असलं तरी ती दोन स्टेशनं आहेत, पश्चिम रेल्वेचं आणि मध्य रेल्वेचं, एकमेकांना खेटून उभी. तिकिटावरचा कोडही वेगळा असतो: मध्य रेल्वेचं दादर म्हणजे डीआर, पश्चिम रेल्वेचं डीडीआर. कोकणात जाणारी तुतारी मध्य रेल्वेच्या बाजूने सुटते. ही एवढी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, अगदी लहान मुलांनाही, पाठ असू द्या. दादरला चुकणारी माणसं गर्दीमुळे कमी चुकतात. आपण कुठल्या रेल्वेच्या हद्दीत उभे आहोत हेच ठाऊक नसल्यामुळे जास्त चुकतात.

फलाटांच्या नंबरांची भानगड ९ डिसेंबर २०२३पासून खरं तर सोपी झाली आहे. त्याआधी दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापले १पासून मोजले जायचे, त्यामुळे 'पाच नंबरवर थांब' म्हटलं की दोघं जण दोन वेगवेगळ्या पाच नंबरांवर उभे राहून एकमेकांना फोन करत बसायचे. आता पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ मोजणी आहे: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. मध्य रेल्वेचा जुना १ नंबर आता ८ झाला, जुना २ बंदच झाला, म्हणून जुना ७ आता १३, जुना ८ आता १४. पण लोकांच्या तोंडी जुने नंबर अजून आहेत. घाईत कुणी मायेने सांगतं, 'तुतारी ना, सातवर जा,' आणि तुम्ही पाट्या वाचत पश्चिम रेल्वेच्या सातवर जाऊन पोचता. म्हणून कुणालाही नुसता नंबर विचारू नका, 'सेंट्रलचा की वेस्टर्नचा?' हेही विचारा. आठच्या खालचा आकडा कानावर आला, तर पूल उतरू नका, आधी इंडिकेटर बघा. घरून निघताना आपणही फलाट गृहीत धरू नये. गाडी नेहमी अमुक फलाटावर लागते, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, त्यांचं ऐकून घ्या आणि तरी इंडिकेटर बघा.

दादरपर्यंत कसं जायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. टॅक्सी किंवा रिक्षा-टॅक्सी मिळून येणार असाल आणि सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल, तर पूर्वेला, स्वामीनारायण मंदिरासमोर उतरा. मोठे आकडे त्या बाजूला आहेत, त्यामुळे मध्य रेल्वेचे शेवटचे फलाट तिथून जवळ पडतात आणि अख्खं स्टेशन ओलांडण्याचा व्याप टळतो. टॅक्सीवाल्याला नुसतं 'दादर स्टेशन' सांगितलं तर तो तुम्हाला पश्चिमेला फुलबाजाराजवळ सोडू शकतो, आणि मग सामान घेऊन चौदा फलाटांच्या वरून चालणं आलं. 'दादर ईस्ट, स्वामीनारायण मंदिर' एवढं पूर्ण सांगा.

बोरिवली, अंधेरीकडून लोकलने येणार असाल तर पूल ओलांडणं टळत नाही, पण त्याची आधी तयारी करता येते. वयस्कर माणसं बरोबर असताना आम्ही फास्ट पकडत नाही. बोरिवलीहूनच सुटणारी स्लो घेतो, म्हणजे बसायला मिळतं आणि बॅगा पायाशी राहतात. वेळ जास्त लागतो, लागू दे. माहीम गेलं की उठायची तयारी, माटुंगा रोडला सगळ्यांनी दाराच्या दिशेने सरकायचं. शेजारच्या प्रवाशाला 'दादर कुठल्या बाजूला येतं?' विचारायला लाजू नका, मुंबईत हा प्रश्न रोजची माणसंही विचारतात. उतरायचा क्रम घरीच ठरवा: आधी एक धडधाकट माणूस मोकळ्या हातांनी, मग वयस्कर, मग मुलं, सामान देणारा सगळ्यात शेवटी. ज्याच्या हातात सामान त्याच्याच हातात मूल, असं कधीही करू नका. लोकलचं तिकीट वेगळं काढायचं असतं, हेही विसरू नका. मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा.

पुलाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. दादरला पूल एकापेक्षा जास्त आहेत आणि सगळे पूल सगळ्या फलाटांवर उतरत नाहीत. मधला रुंद पूल धरा, तो दोन्ही रेल्वेंना जोडतो. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण एखादा जिना नेमका त्या रात्री बंद असू शकतो, म्हणून चढायची वेळ येईल हे धरूनच बॅगा भरा. एका माणसाला एका हाताने, न थांबता, एक जिना चढवता येईल एवढंच वजन एका बॅगेत. चाकांची बॅग सपाट फरशीवर सोयीची असते, जिन्यावर ती उचलावीच लागते. पूर्ण भरलेली बॅग आदल्या दिवशी घराच्या जिन्यावर एकदा चढवून बघा. दोन लहान बॅगा एका मोठीपेक्षा बऱ्या, हे तेव्हा कळतं. दांडीला बांधलेल्या पिशव्या, लोंबती दोरी, उघडं तोंड असलेली बोचकी जिन्यावर दुसऱ्याच्या पायात येतात, ती आधीच बांधून घ्या.

आणि जिन्यावर थांबायचं नाही. फोन आला तरी नाही, चप्पल निसटली तरी नाही, कुणी मागे राहिलं तरी नाही. वर किंवा खाली पोचून, कडेला होऊन मगच वळायचं. दादरच्या शेजारचंच स्टेशन, आजचं प्रभादेवी, तेव्हा एल्फिन्स्टन रोड होतं. तिथल्या पुलाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पाऊस लागला म्हणून लोक अडकून राहिले, मागून लोंढे येत राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यांत रोजची, सरावलेली माणसंही होती. मुलांना मी हे सांगते, भीती घालण्यासाठी नाही, तर जिन्यावर न थांबण्याचं कारण त्यांना कळावं म्हणून.

चुकामूक झाली तर काय, हे निघण्याआधी ठरलेलं हवं. 'पुलावर भेटू' हा निरोप दादरला निरुपयोगी आहे. आमचा नियम असा, की ज्याला बाकीचे दिसेनासे होतील त्याने जिथे आहे तिथेच थांबायचं, फलाटाच्या कडेपासून दूर, खांबाला पाठ लावून, आणि जवळच्या खांबावरचा किंवा पाटीवरचा फलाट क्रमांक फोनवर सांगायचा. शोधायला एकानेच जायचं. लहान मुलाच्या आणि आजी-आजोबांच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या: गाडीचं नाव आणि क्रमांक, दादर सेंट्रल, डबा, बर्थ, पीएनआर आणि घरच्या दोघांचे फोन. अक्षर मोठं, काळ्या शाईने. मोबाइलमध्ये सगळं आहे हे खरं, पण रात्री साडेअकराला बॅटरी संपलेली असते किंवा फोन नेमका बॅगेच्या तळाशी असतो. अडचण आली तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९, तोही त्याच चिठ्ठीवर.

वेळ किती धरायचा? मी अकराला दादरच्या फलाटावर, असा हिशेब करते आणि तिथून उलटं मोजते. तुतारी दादरहूनच सुटत असल्यामुळे वाटेतल्या स्टेशनसारखी दोन मिनिटांची धावपळ नसते, गाडी आधी लागते. पण किती आधी, यावर भरवसा ठेवू नका. फलाटावर पोचल्यावर लगेच बसायची जागा शोधू नका, आधी आपला डबा कुठे येणार ते बघा आणि तिथवर चालत जा. गाडी लागल्यावर अख्ख्या फलाटभर बॅगा घेऊन धावणारी कुटुंबं बहुतेक चुकीच्या टोकाला बसलेली असतात.

हमाल लागणार असेल तर लाल सदरा आणि दंडावरचा बिल्ला बघा, भाडं आधी बोला, डबा आणि बर्थ सांगा आणि त्याच्या बरोबरीने चाला. चाकाची खुर्ची हवी असेल तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात विचारावं लागतं, त्यासाठी अर्धा तास जास्त धरा. पोचवायला येणाऱ्यांनी प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, १० रुपयांचं, ते दोन तास चालतं. सणांच्या गर्दीत त्याची विक्रीच बंद ठेवतात कधीकधी. अशा वेळी निरोप स्टेशनच्या दारातच घ्यावा लागतो, म्हणून जड सामान पोचवणाऱ्यांच्या भरवशावर भरू नका.

काही रात्री वेगळ्याच असतात. गणपतीच्या आधीचा आठवडा तर कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण ६ डिसेंबरही लक्षात ठेवा. महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीकडे देशभरातून येणारे लाखो लोक दादरलाच उतरतात आणि आदल्या दिवसापासून स्टेशन भरलेलं असतं. त्या दिवसांत निघायचं असेल तर तासभर अधिक हातात ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूने येणं शक्यतो टाळा.

मुलुंड, भांडुप किंवा घोडबंदर रोडच्या पट्ट्यात राहत असाल, तर दादरचा विचारच सोडा आणि ठाण्याला चढा, तुतारी तिथे थांबते. मात्र तिकिटावर बोर्डिंग ठाणे करून घ्या, नुसतं मनात ठरवू नका. आणि एकदा ते बदललं, की दादरला चढण्याचा हक्क उरत नाही, हे घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा.

पाण्याच्या बाटल्या घरूनच भरा. रात्रीची औषधं दादरला पोचल्यावर नाही, जेवणानंतर घरीच द्या. स्वच्छतागृहाचं काम फलाटावर स्थिरावल्यावर, दोघादोघांनी, सामानाजवळ एक जण ठेवून.

खिशातली चिठ्ठी कणकवलीला उतरल्यावर फेकून देऊ नका. परतीचा डबा आणि बर्थ तिच्याच पाठीमागे लिहा. परतीची गाडी दादरला सकाळी लवकर येते, सगळे झोपेतून उठलेले असतात, पश्चिमेला फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात, आणि पूल पुन्हा तोच ओलांडायचा असतो. या वेळी उलट्या दिशेने, मोठ्या आकड्यांकडून एककडे.