परवानगी येईपर्यंत काय करायचं: हृदयसंशोधनात नव्याने आलेल्यांसाठी

परदेशातल्या हृदयसंशोधन गटात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं की आपल्याला अजून कशालाच हात लावता येत नाही. ओळखपत्र तयार नाही, रुग्णांच्या नोंदी उघडायचा पासवर्ड नाही, प्राण्यांवर काम करायचा परवाना नाही. यात महिने जाऊ शकतात. हा काळ फुकट गेला असं बहुतेकांना वाटतं. खरं तर मोजमाप शिकायला एवढी निवांत वेळ पुन्हा मिळत नाही.

पण आधी कागद. माणसाचं रक्त किंवा ऊतक हाताळायचं तर हेपॅटायटिस बीच्या लसीचा पुरावा मागतात. तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, त्यामुळे उशिरा जाग आली तर सहा महिने अडकू शकता. जुनं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर रक्तातली प्रतिपिंडं मोजून घ्या. मिलीलिटरमागे १० मिलीयुनिट किंवा जास्त आली की काम भागतं. क्षयरोगाची चाचणीही होते. लहानपणी बीसीजी घेतलेली असेल तर त्वचेवरच्या चाचणीला खोटी सूज येऊ शकते आणि मग एक्स-रे, पुन्हा तपासणी असं लचांड मागे लागतं. म्हणून रक्तावरची इग्रा चाचणी आपणहून मागा. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या नियमांचा, ऑनलाइन अभ्यासक्रम काही तासांत संपतो. तो पहिल्या दोन दिवसांतच उरकून टाका.

डॉक्टर असाल तर एक बजावून सांगतो. संशोधनाची नेमणूक म्हणजे रुग्ण तपासायचा परवाना नव्हे. वॉर्डातल्या कुणी सहज ईसीजी पुढे केला तरी त्यावर मत देऊ नका, ज्याच्याकडे नोंदणी आहे त्याच्याकडे पाठवा. अशा मदतीतून नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येऊ शकतात.

आता मोजमाप. गटाकडे नाव-पत्ता काढून टाकलेले जुने इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची चित्रं, असतात. त्यातले २० मागून घ्या, इजेक्शन फ्रॅक्शन (डावी जवनिका एका ठोक्याला आतल्या रक्ताचे किती टक्के बाहेर ढकलते तो आकडा) काढा आणि आकडे दुसऱ्या कुणाकडे ठेवायला द्या. दोन आठवड्यांनी तेच २० क्रम बदलून, आधीचे आकडे न बघता पुन्हा मोजा. मग प्रत्येक जोडीतला फरक त्या जोडीच्या सरासरीसमोर मांडा. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६मध्ये लोकप्रिय केलेला हाच आलेख. नुसता सहसंबंधाचा आकडा देऊ नका. दोन जण मोजत असतील आणि त्यातला एक कायम १० ने जास्त मोजत असला तरी सहसंबंध झकास दिसतो.

हा खटाटोप कशासाठी, ते एका उदाहरणात बघा. डावी जवनिका भरलेली असताना १२० मिलीलिटर आणि आकुंचन पावल्यावर ६० असेल, तर इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के. पोकळीच्या कडेने आखलेली रेघ जरा बाहेर पडली आणि ६० च्या जागी ७० मोजले, की तेच ४२ होतं. ५० पासून पुढे जपलेलं, ४१ ते ४९ किंचित घटलेलं, ४० आणि खाली घटलेलं, असे गट पाडतात. म्हणजे तुमच्या माउसच्या एका झटक्याने माणूस एका गटातून दुसऱ्यात गेला.

सगळ्यात जास्त फसवतं ते तिरकं कापलेलं चित्र. छातीवर धरलेला प्रोब हृदयाच्या खऱ्या टोकावर नसला की पोकळी आखूड आणि गोलसर दिसते, टोक जाड दिसतं आणि छान आकुंचन पावल्यासारखं वाटतं. खरं टोक जवळजवळ जागचं हलत नाही. उपाय साधा: प्रोब एक बरगडी खाली आणि जरा बाहेरच्या बाजूला सरकवा, रुग्णाला श्वास सोडून थांबायला सांगा. लय नियमित असेल तर तीन ठोक्यांची सरासरी घ्या, एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित लय) असेल तर निदान पाच.

हृदयाच्या सुट्या पेशींच्या कामाला लागलात तर लँगेनडॉर्फची पद्धत शिकावी लागेल. १८९५ सालची ही युक्ती अजून टिकून आहे: हृदय बाहेर काढून महारोहिणीतून उलटा प्रवाह सोडायचा. झडप मिटते आणि द्राव थेट हृदयाच्या धमन्यांत शिरतो. उंदराचं हृदय काढल्यापासून प्रवाह सुरू होईपर्यंत तीन मिनिटांच्या आत काम झालं पाहिजे. हेपरिन आधी दिलेलं असावं, नाहीतर गुठळ्या होतात. नळीचं टोक झडपेच्या वर राहू द्या. ते खाली गेलं तर धमन्यांची तोंडं मागे राहतात आणि द्राव नुसता जवनिकेत भरतो. नीट बसलं तर हृदय काही सेकंदांत फिकं पडतं. एखादा पट्टा लालच राहिला तर तिथे हवेचा बुडबुडा किंवा गुठळी अडकली आहे असं समजा.

पुढे कोलॅजिनेज, म्हणजे पेशींना बांधणारं जाळं तोडून त्या सुट्या करणारं विकर. त्याची ताकद लॉटगणिक बदलते, त्यामुळे मागच्याची वेळ पुढच्याला लागू पडत नाही. चांगला लॉट सापडला की वर्षाचा साठा एकदम घ्या आणि लॉट क्रमांक रोजच्या वहीत लिहा. पेशी सुट्या झाल्या की कॅल्शियम टप्प्याटप्प्याने, २० ते ३० मिनिटांत, १ मिलीमोलरपर्यंत न्या. एकदम दिलंत तर पेशी आखडून गोळा होतात. चांगली पेशी विटेसारखी लांबट, कडा धारदार, पट्टे स्पष्ट आणि स्वस्थ पडलेली असते. आपणहून फडफडणारी पेशी कितीही जिवंत वाटली तरी तिच्यावर मोजमाप करू नका, तिच्यात कॅल्शियम गळतंय.

उंदरांच्या इकोत घोटाळा भुलीचा असतो. आयसोफ्लुरेन हे भुलीचं द्रव्य वाढलं की ठोके मंदावतात, आकुंचनही घटतं, आणि तपासत असलेल्या औषधाचा परिणाम म्हणून तुम्ही भुलीचाच परिणाम छापता. मिनिटाला ४०० च्या खाली ठोके गेले तर थांबा, भूल कमी करा, शरीराचं तापमान ३७ अंशांवर आणा, मगच मोजा. प्रत्येक चित्राशेजारी ठोक्यांची संख्या लिहिलेली असावी. आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. तुम्हालासुद्धा.

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली हृदयात नळी घालतात त्या खोलीत, उभं राहायचं असेल तर डोसमीटर (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) खुर्चीवर टांगलेल्या एप्रनला राहू देऊ नका. किरणांच्या उगमापासून अंतर दुप्पट केलं की किरणोत्सर्ग साधारण चौथाईवर येतो, म्हणून काम नसताना दोन पावलं मागे सरका.

माणसांबद्दल थोडं. न समजताच ‘हो’ म्हणायची आपली सवय इथे महागात पडते. बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टी चार ओळींत ईमेल करा; गैरसमज असेल तर त्याच दिवशी कळतो. लेखकांचा क्रम काम सुरू व्हायच्या आधी विचारा, यात उद्धटपणा काही नाही. पहिल्या शोधनिबंधाआधी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख, काढा आणि नाव कायम एकाच रूपात लिहा. मधलं नाव कधी आहे, कधी नाही असं झालं तर शोधसूचीत तुमची दोन माणसं होतात.

अनेक फेलोशिपची मुदत पीएचडी मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही इथे आल्यापासून नाही. म्हणून परवानगीची वाट बघतानाच पात्रतेची वर्षं आणि नागरिकत्वाच्या अटी एका कागदावर उतरवा, अर्जाच्या अंतिम तारखेपासून चार महिने मागे मोजून तिथे खूण करा, आणि शिफारसपत्र देणाऱ्यांना किमान तीन आठवडे आधी मसुदा पाठवा.