गरम पाण्याच्या कुंडावर जाताय? या चुका टाळा

थंडी पडली की कोल्हापुरातनं गाड्या आंबा घाट उतरायला लागतात, साखरप्यावरनं संगमेश्वर, तुरळ, नायतर अणुस्कुऱ्यानं राजापूरचं उन्हाळे. मी पण दरवर्षी जातो आणि दरवर्षी तीच चूक बघतो, हात लावून न बघता पाय सोडायची.

भावांनो, सगळी कुंडं सारखी नसतात. उन्हाळे गावचं पाणी ४० अंशांच्या आसपास, खुशाल अंगावर घ्या, पण तुरळला ते ६० च्या घरात जातं आणि दापोलीकडं उन्हवऱ्याला ७० च्या. खाली ज्वालामुखी वगैरे काय नाय, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतनं लई खोल जातं, तिथं तापून वर येतं, म्हणून उगमापाशी सगळ्यात कडक. ६० अंशाला पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते.

माझा मावसभाऊ, चार तास गाडी हाणून दमलेला, कधी एकदा पाण्यात बसतो असं झालेलं. भर दुपार, त्या उन्हात वाफ दिसतच नाय, पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. मी बादली काढायला डिकीकडं वळलो तवर यानं उगमाच्या कुंडातच डावा पाय सोडला. बाहेर काढला तर घोट्यापर्यंत लालबुंद, मोजा घातल्यागत सरळ रेघ. कोण म्हणतंय टूथपेस्ट लावा, कोण बर्फ. मी दोन्ही करू दिलं नाय, गार पाण्याच्या नळाखाली २० मिनिटं पाय धरून बसवला आणि थेट दवाखाना. तरी फोड आलेच, पुढं तीन आठवडे त्या पायात चप्पल नाय.

तेव्हापासनं माझं ठरलंय, आधी बादलीनं घ्यायचं, गार पाणी मिसळायचं, कोपर बुडवून बघायचं, मग अंगावर. घाई असणाऱ्यानं घरातच गिझर लावावा.

दुसरं म्हणजे तासभर डुंबत बसणं. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या पसरतात, बीपी उतरतो, आणि झटक्यात उठलं की डोळ्यापुढं अंधारी. दहा मिनिटं पुरे, उठताना कठडा धरा, मधी पाणी प्या. तांबडा-पांढरा चापून लगेच उतरू नका, दारू पिऊन तर अजिबात नाय. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारूनच जावं.

चांदीचं कडं, पैंजण गाडीतच ठेवा, गंधकानं काळं पडतं. डोकं बुडवू नका, कोमट पाण्यात नाकावाटे मेंदूत जाणारा अमिबा असू शकतो. आणि साबण-शॅम्पू कुंडाबाहेर, बादली घेऊन लांब.