हरभऱ्यावर एचएएनपीव्ही फवारताय? या चुका टाळा

"फवारलं, पण अळी तर जिवंतच आहे!" घाटे लागायच्या दिवसांत असा फोन आला की मी आधी विचारतो, फवारून किती दिवस झाले? उत्तर बहुतेक ठरलेलं: परवाच.

एचएएनपीव्ही हा घाटे अळीचा विषाणू. नुसता अंगावर पडून तो काही करत नाही. फवारलेला पाला अळीनं खाल्ला पाहिजे. मग तो पोटात वाढतो, अळी मंदावते, शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. या सगळ्याला चार-पाच दिवस लागतात, मोठ्या अळीला आठवडाही.

आमच्याकडच्या एका काकांनी वेळेवर, अगदी नीट फवारणी केली. चौथ्या दिवशी धीर सुटला. दुकानदारानं 'कडक' म्हणून पायरेथ्रॉइड हे रासायनिक कीटकनाशक हातात दिलं आणि काकांनी तेही मारलं. मी दुपारी शेतात गेलो, तर शेंड्यांवर उलट्या लटकलेल्या अळ्या, बोट लावताच फुटून पाणी होणाऱ्या. म्हणजे काम विषाणूचं, नाव पायरेथ्रॉइडचं. वर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या कॅम्पोलेटिससारख्या मित्रकीटकांवर विष पडलं ते वेगळंच. काका अजूनही सगळ्यांना त्या कडक औषधाचंच नाव सांगतात!

दुसरी चूक उशिराची. घाट्यात डोकं खुपसून बसलेली बोटभर अळी दिसल्यावर विषाणू आणायला धावायचं नसतं. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग सापडले की तयारीला लागा. मी तर अंडी आणि बारीक अळ्या दिसल्या की त्याच संध्याकाळी पंप काढतो.

भर उन्हात फवारू नका, उन्हानं विषाणू निकामी होतो. म्हणून मी द्रावणात थोडी नीळही टाकतो.

तंबाखूवरची पाने खाणारी अळी याने मरत नाही, तिचा विषाणू वेगळा.



विषाणूची बाटली तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आणि घेताना मुदत वाचा.

मेलेल्या अळ्या वाटून फवारायचा फुकटचा जुगाड मला पटत नाही. त्यात विषाणू किती आणि दुसरे जिवाणू किती, कोण मोजणार? त्या शेतातच राहू द्या, फुटल्या की विषाणू तिथंच पसरतो.

आठवड्यानंतरही ओळीच्या मीटरभर लांबीत एक-दोन धडधाकट अळ्या सापडल्या, तर इमामेक्टिन बेन्झोएट हे रासायनिक कीटकनाशक लेबलवरच्या मात्रेनं खुशाल मारा.