मित्रमंडळींचा घरगुती फिल्म क्लब: आधी चर्चेची वेळ काढा, मग सिनेमा निवडा

मुंबईत घरी जमून सिनेमा बघणारे बरेच गट तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर थंडावतात. सिनेमाची निवड चुकली असं सगळ्यांना वाटतं, पण बहुतेक वेळा चुकलेली असते ती वेळ. सिनेमा संपतो तेव्हा पावणेदहा वाजलेले असतात, कल्याण-विरारकडच्या मंडळींचं एक पाऊल दारात असतं, आणि ज्या गप्पांसाठी जमलो त्या जिन्यात उरकल्या जातात. म्हणून चर्चेचा एक तास आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्या वेळात बसेल तोच सिनेमा लावायचा.

शनिवार संध्याकाळचा हिशेब असा धरा. साडेपाचला जमणं, खाणंपिणं आणि बोलणं तेव्हाच. सहाला सिनेमा. तो १०० मिनिटांचा असेल तर सात चाळीसला संपतो. मग १५ मिनिटं चहा, आठच्या सुमाराला चर्चा, नऊला दार उघडं. पहिले सहा महिने १३० मिनिटांहून मोठा सिनेमा घेऊच नका. रविवार धरायचा असेल तर पाचच्या आधी बोलावू नका, कारण लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी काही मार्ग बंद ठेवतात तो) साधारण दुपारी चारच्या आसपास उठतो आणि गाड्या वेळेवर यायला त्यानंतरही थोडा वेळ लागतो. कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते शनिवारीच ग्रुपवर टाकून ठेवा. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग दादरला जुळतात, त्यामुळे दादर-माटुंग्याच्या आसपास कुणाचं घर असेल तर ते सगळ्यांना सोयीचं. हार्बरवाले कुर्ला किंवा वडाळ्याला गाडी बदलून येतात. पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी दिसत असतील तर बैठक आदल्या दिवशीच पुढे ढकलावी.

माणसं ६ ते १०. पाचपेक्षा कमी असली आणि दोघं आली नाहीत की बैठक मोडते. बारापेक्षा जास्त झाली की चर्चेचे आपोआप दोन-तीन घोळके होतात, आणि मुंबईच्या हॉलमध्ये मागच्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसतात.

पडदा

पहिल्या काही बैठकांना घरातला टीव्ही पुरतो. ५५ इंची टीव्हीसमोर सात-आठ फुटांवर सहा माणसं नीट बसतात. मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी आधी बदलाव्याच लागतात. चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. ‘मोशन’ नावाखाली जे काही चालू असेल ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, टीव्ही मध्ये स्वतःच्या चौकटी बनवून घुसडतो, आणि मग सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. तिसरी गोष्ट चौकटीच्या आकाराची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे बहुतेक सिनेमे जवळपास ४:३ चौकटीत आहेत. टीव्हीने ते ताणले तर माणसं रुंद दिसतात, ‘झूम’ केले तर डोकी कापली जातात. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसत असतील तर चित्र बरोबर आहे. कुणी ‘पूर्ण स्क्रीन कर’ म्हणालं तरी करू नका.

प्रोजेक्टर घ्यायचा असेल तर आधी भिंत मोजा. कर्णात १०० इंची चित्राची रुंदी सव्वासात फूट असते. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल तर तो भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर ठेवावा लागतो. दहा फुटी खोलीत मग तो प्रेक्षकांच्या मांडीवरच येतो. अशा खोलीत ८० इंचांवर समाधान मानावं: रुंदी पावणेसहा-सहा फूट, अंतर सात फूट. विकत घेताना ‘सपोर्ट करतो’ हे शब्द ऐकून हुरळू नका, ‘नेटिव्ह’ म्हणजे प्रोजेक्टरचं स्वतःचं रेझोल्यूशन १०८०पी आहे का ते विचारा, आणि उजेडाचा आकडा एएनएसआय लुमेन या प्रमाणित एककात मागा. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र ‘कीस्टोन’ या सेटिंगने सरळ करण्याचा मोह होतो, पण त्यात चित्राचे कडेचे पिक्सेल वाया जातात आणि उपशीर्षकांची अक्षरं भुरकट होतात. दोन पुस्तकं खाली सरकवून प्रोजेक्टरच सरळ करा. भिंतीचा रंग चकचकीत असेल तर मधोमध उजेडाचा डाग पडतो, मॅट पांढरा रंग उत्तम. एकेरी चादर लावाल तर बराच उजेड मागे निघून जातो, त्यापेक्षा ब्लॅकआउट पडद्याचं कापड ताणून लावा. आणि खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड विसरू नका, दिवसा तपासलेली खोली रात्री वेगळी असते.

आवाज

चित्र थोडं फिकं असलं तर माणसं चालवून घेतात, संवाद कळला नाही तर मात्र कंटाळतात. टीव्हीचे स्पीकर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून असतात, त्यामुळे साधे बाहेरचे दोन स्पीकरही मोठा फरक करतात. ते केबलने जोडा. ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो आणि ओठ आधी हलतात. गाणी जोरात आणि बोलणं पुटपुटल्यासारखं येत असेल तर बहुधा ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा ट्रॅक लागलेला असतो. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि तुमच्याकडे तो स्पीकरच नसतो. ऑडिओ ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करा. पंख्याची घरघर सिनेमातली शांतता खाऊन टाकते, म्हणून एसी नसेल तर पंखा दोनवर ठेवा आणि टेबलफॅन लांब कोपऱ्यात. वेफर्सची चुरचुरणारी पाकिटं सिनेमा चालू असताना नकोत. वडापाव, पोहे, जे असेल ते सहाच्या आत.

उपशीर्षकं आणि आदली रात्र

ज्याच्या घरी बैठक आहे त्याने आदल्या रात्री त्याच उपकरणावर सिनेमाची पहिली पाच, मधली पाच आणि शेवटची पाच मिनिटं चालवून बघावीत. मधली आणि शेवटची का, तर उपशीर्षकांचा एक दोष सुरुवातीला दिसतच नाही. फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली आणि तुमचा सिनेमा २३.९७६ चा असला तर तासाला सुमारे अडीच मिनिटांची तफावत पडत जाते. ती पुढे-मागे सरकवून सुटत नाही, उपशीर्षकांचा वेग बदलावा लागतो किंवा दुसरी फाइल शोधावी लागते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी तो जुळवता येतो. एकदा दाबलं की ५० मिलिसेकंद सरकतं. मराठी उपशीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले तर फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात पुन्हा सेव्ह करा.

ओटीटीवरून बघताना मोबाइलची स्क्रीन मिरर केली तर आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, हे हमखास घडतं. नक्कल रोखणाऱ्या कुलपामुळे ते होतं, बिघाड नसतो. टीव्हीतलं किंवा टीव्हीला जोडायच्या स्टिकमधलं अॅपच वापरा. पूर्ण एचडी चित्राला ५ एमबीपीएसचा स्थिर वेग पुरतो, पण संध्याकाळी सगळी इमारत ऑनलाइन असते, म्हणून वेग सकाळी न तपासता बैठकीच्या वेळेला तपासा.

मित्रांना घरी बोलावून बघणं ही खासगी बाब. तोच सिनेमा सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना खुला ठेवला किंवा तिकीट लावलं की हक्कधारकाची परवानगी लागते, आणि ओटीटीची वर्गणी त्यासाठी चालत नाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात, म्हणजे १९६० च्या सिनेमाची मुदत २०२० अखेर संपली.

कोणता सिनेमा

सुटे सिनेमे निवडण्यापेक्षा एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावा, दोन बैठकांत. जोडी विषयावर लावली तर गप्पा विषयावरच राहतात: न्याय, जात, गरिबी, ज्यावर आपण सिनेमा न बघताही बोललो असतो. पद्धतीवर लावलेली जोडी डोळे उघडते.

‘१२ अँग्री मेन’ (१९५७, ९६ मिनिटं) आणि ‘कोर्ट’ (२०१४, ११६ मिनिटं) ही आमच्या पसंतीची जोडी. पहिल्यात सिडनी ल्युमेटने कॅमेरा सुरुवातीला नजरेच्या वर ठेवला आणि हळूहळू खाली आणला. लेन्सही अधिकाधिक लांब पल्ल्याच्या होत गेल्या, त्यामुळे ज्युरी जिथे वाद घालतात ती खोली आकसत आल्यासारखी वाटते. चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा मात्र लांब उभा राहतो आणि मुंबईच्या न्यायालयातलं कामकाज रुंद चौकटीत घडू देतो. एकात आपण वादात ओढले जातो, दुसऱ्यात बाकावर बसून राहतो. हा फरक दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितल्याशिवाय जाणवत नाही.

दुसरी जोडी ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८, ८९ मिनिटं) आणि नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३). दोन्हींत बाप आणि मुलगा. पहिल्यात दोघंही व्यावसायिक नट नाहीत, दुसऱ्यात मुलगा नाही, बाप मात्र किशोर कदम. एकात मुलगा बापाची मानहानी बघतो. दुसऱ्यात सगळ्या घराची मानहानी गावासमोर होते आणि मुलगा त्यात उभा असतो. कुठल्या क्षणी कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे एवढं एकच टिपायला सांगा.

आवाजावर बोलायचं असेल तर शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (१९३७). त्यात पार्श्वसंगीत नाही, प्रसंगातलेच आवाज वापरलेत. सिनेमा लांब आहे, तो रविवार सोडून दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी घ्या. अगदी पहिल्या बैठकीला ‘राशोमोन’ (१९५०, ८८ मिनिटं) सोपा जातो. एकाच घटनेच्या वेगवेगळ्या हकिगती त्यात आहेत, त्यामुळे गप्प बसणारा माणूसही बोलतो.

निवड मतदानाने करू नका. मतदानात सगळ्यांना थोडा थोडा आवडेल असाच सिनेमा जिंकतो. पाळी लावा: ज्याची पाळी त्याची निवड, आणि तिला नकार नाही.

चर्चा

सिनेमा संपला की श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या आणि दिवे लावायची घाई करू नका. त्यानंतर तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर एकच चौकट किंवा एकच आवाज लिहायचा, जो मनात राहिला. चहा त्यानंतर. चहा आधी झाला की पहिलं मोठ्याने बोललेलं मत सगळ्यांचं होऊन जातं, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपला कागद वाचायचा, दोन मिनिटांत. ‘आवडला’, ‘संथ होता’, ‘ओव्हररेटेड आहे’ हे शब्द या फेरीत बंद. काय दिसलं तेवढंच. ‘बाप खचलेला वाटला’ असं कुणी म्हणालं तर चर्चा चालवणाऱ्या सूत्रधाराने विचारायचं, ‘कशावरून?’ उत्तर येतं ते चालण्यावर, उजेडावर, किती वेळ दृश्य धरून ठेवलंय यावर. बैठकीतला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच, तो दहा वेळा विचारला तरी चालेल.

दुसऱ्या फेरीत एक दृश्य पुन्हा लावा, तीन मिनिटांच्या आतलं. आधी आवाज बंद करून, मग आवाजासह. ‘फँड्री’त डुक्कर पकडता पकडता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागेवर थांबतं, ते दृश्य यासाठी नेमकं आहे. आवाज बंद असताना माणसं का थांबली तेच कळत नाही, आणि मग ते गीत तिथे काय काम करतंय यावर अर्धा तास निघतो. दृश्याची वेळ आदल्या रात्रीच टिपून ठेवा. बैठकीत शोधत बसलात तर माणसं मोबाइल काढतात.

तिसऱ्या फेरीत मतं. आता भांडा. शेवटाबद्दल बोलायचं ते इथेच. ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, आणि तरीही सिनेमा पुढे जातो. तिथेच का थांबला नाही, असा नेमका प्रश्न सूत्रधाराने हातात ठेवावा. ‘शेवट कसा वाटला?’ या प्रश्नाला फक्त मान डोलावली जाते.

सूत्रधार दर वेळी वेगळा हवा, आणि ज्याने सिनेमा निवडला तो नको, कारण तो बचाव करत बसतो. जास्त वाचलेला एखादा मित्र पहिल्या दहा मिनिटांत दिग्दर्शकाचं चरित्र सांगू लागतो. त्याला प्रेमाने शेवटची १० मिनिटं द्या. माहिती तेव्हा कामाची असते, आधी दिली तर बाकीचे विद्यार्थी होतात. परीक्षणं वाचायची तीही बैठकीनंतर.

वर्षातून दोन-तीन वेळा घराबाहेर पडून मोठ्या पडद्यावर बघा. १९६८ पासून चाललेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचे खेळ, थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव, काळा घोड्याला मॅक्समुल्लर भवन यांची वेळापत्रकं महिन्याच्या सुरुवातीला बघून ठेवावीत. थिएटरनंतर चर्चेसाठी जवळचं इराणी किंवा उडप्याचं हॉटेल आधीच ठरवा. फुटपाथवर उभ्याने दहा मिनिटांपलीकडे काही होत नाही.

एक साधी दोनशेपानी वही ठेवा. तारीख, सिनेमा, वर्ष, प्रत कुठून मिळाली, कोण आलं, आणि तीन मिनिटांत लिहिलेले ते कागद चिकटवायचे. माणशी ५० रुपये चहा-खाण्याचे, तेही त्याच वहीत. निघण्याआधी पुढची तारीख, घर आणि पाळी कुणाची एवढं लिहून होतं, आणि वही पुढच्या यजमानाच्या पिशवीत जाते.