जुन्या गाडीचे फ्यूज आणि कपलर (वायरी जोडणारे प्लग) कळकू नयेत म्हणून काय करावे

एक हेडलाइट मंद, हॉर्न मनात आले तर वाजतो, वायपर काचेच्या मध्यावर थांबतो. डॅशबोर्डखाली हात घालून फ्यूज बोटाने जरासा फिरवला की सगळे पुन्हा सुरू होते. पद्मिनी, अँबॅसिडर किंवा पहिल्या पिढीची मारुती ८०० सांभाळणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो. फ्यूज उडालेला नसतोच. फ्यूजची टोके आणि त्यांना धरणारी क्लिप यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा आलेला असतो.

गॅरेजमध्ये याला ‘कार्बन धरलाय’ म्हणतात आणि पॉलिश पेपरने खसाखसा घासतात. नुकसान इथेच होते. फ्यूजच्या क्लिपा बहुधा पितळेच्या असतात आणि त्यांच्यावर कथिलाचा पातळ थर असतो, म्हणजे घरच्या पातेल्याला असते तशी कल्हईच. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक का कळकते ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्लिपेचेही तेच होते. पॉलिश पेपरने ती आज चकचकीत दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवी होते.

पापुद्रा दिसायला नखाएवढा असला तरी हिशेब मोठा आहे. त्या जागी फक्त ०.१ ओहम रोध वाढला आणि १० अँपिअर करंट जात असेल, तर तिथेच १ व्होल्ट खाल्ला जातो आणि १० वॅट उष्णता तयार होते. नंबरप्लेटच्या ५ वॅटच्या दोन बल्बांइतकी उष्णता एका क्लिपेवर. क्लिप तापते, तिची स्प्रिंग मरते, पकड सुटते, रोध आणखी वाढतो. फ्यूजचे प्लास्टिक वितळते, पण करंट जास्त नसल्याने फ्यूजमधली तार तशीच शाबूत राहते. अशा वेळी १० चा काढून २० चा फ्यूज बसवणे धोक्याचे आहे, कारण दुखणे फ्यूजमध्ये नसून क्लिपेत असते. आणि उजेड? बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाले की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. मेढ्याकडून धुक्यात घाट चढताना तो फरक जिवावरचा ठरू शकतो.

आधी पाणी कुठून येते ते शोधा

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पश्चिमेकडच्या गाडीला गंज लवकर लागणार हे उघड आहे, पण दुष्काळी भागातली गाडीही एका गळक्या रबरामुळे खराब होते. पुढच्या काचेचे रबर, वायपरच्या दांड्याभोवतीची वॉशर आणि केबल जिथून आत येतात ती रबरी बुशे, या तीन जागा आधी तपासा. डॅशबोर्डखाली वर्तमानपत्र अंथरा, एकाने बाहेरून काचेच्या वरच्या कडेवर हलके पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावे. दहा मिनिटांत कागदावर डाग उमटतो.

पाणी वायरीवरून घरंगळत थेट फ्यूजबॉक्समध्येही उतरते. वायर वरून बॉक्समध्ये जात असेल, तर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो.

सांगलीकडे आणखी एक कारण असते. उसाला कोयता लागला की फडातले उंदीर घराकडे, गोठ्याकडे सरकतात आणि उभ्या गाडीत घर करतात. त्यांचे मूत क्लिपांना पाण्यापेक्षा लवकर खाते. फ्यूजबॉक्सच्या झाकणाला चीर असेल तर झाकण बदला, टेपने भागवू नका.

साफसफाई

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. जोडताना ती शेवटी. बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो.

२. फ्यूजबॉक्सचा फोटो काढून ठेवा, मग एकेक फ्यूज काढा. पट्टीच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज साफ करत बसू नका, नवा घाला. तो काही रुपयांत मिळतो. मेहनत क्लिपेवर करायची आहे. पद्मिनीच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये अॅल्युमिनियमची पट्टी असेल तर शक्यतो तांब्याची किंवा पितळेची पट्टी असलेला घ्या, कारण ओलाव्यात पितळ आणि अॅल्युमिनियम एकमेकांशेजारी टिकत नाहीत. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवरचा ‘३५’ हा तो उडण्याचा आकडा आहे. सतत पेलण्याचा आकडा साधारण १७ अँपिअर. दुकानातला सतत ३५ पेलणारा फ्यूज तिथे बसवला तर आधी वायर जळेल.

३. क्लिपेवर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा, जुन्या मऊ टूथब्रशने फिरवा, सुकू द्या. काळपटपणा बहुधा एवढ्यावर जातो.

४. हिरवा कळंक हटत नसेल तरच पांढरे व्हिनेगर तेवढेच पाणी घालून कानकाडीने लावा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. मग ग्लासभर पाण्यात छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्याने पुसा आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार तिथेच सुकून बसतात. भांड्यांसाठी वापरतात ते लिंबू-मीठही नको. पितळ त्याने झळकते, पण मिठाचा अंश फटीत राहतो आणि महिन्याभरात कळंक परत येतो.

५. पकड पाहा. नवा फ्यूज नेटाने दाबावा लागला पाहिजे. तो अलगद सरकत असेल तर बारीक पकडीने क्लिप किंचित आत वळवा. क्लिप तापून तपकिरी-जांभळी झाली असेल तर वळवून उपयोग नाही, तिची स्प्रिंग गेलेली आहे. नवे टर्मिनल बसवा. वायरीचे तांबे आत काळे पडले असेल तर लाल तांबे दिसेपर्यंत कापत मागे जा.

६. ग्रीस लावा, पण पातळ. काडीच्या टोकावर मावेल एवढे सिलिकॉनचे डायलेक्ट्रिक ग्रीस फ्यूजच्या पायांना पुसा. ग्रीस स्वतः वीज वाहत नाही. क्लिपेच्या दाबाने ते धातूंमधून बाजूला सरते आणि भोवतीची हवा-ओल अडवते. थापून भरले तर धूळ धरते. रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) आत ते कधीही जाऊ देऊ नका, ठिणगीने सिलिकॉनची वाळूसारखी पूड होते आणि कॉन्टॅक्ट बंद पडतो. बॅटरीच्या टर्मिनलला साधी पेट्रोलियम जेली चालते, ती घट्ट आवळल्यानंतर वरून लावायची. इंजिनाजवळच्या कपलरला ती नको, मे महिन्यात वितळून वाहते.

बॅटरीवरची पांढरी-निळी भुकटी सोड्याच्या पाण्याने जाते, मात्र झाकणातून थेंबभरही आत जाता कामा नये.

अर्थिंगला मात्र पॉलिश पेपर न वापरण्याचा नियम लागू नाही. वायरीचे थिंबल (टोकाची धातूची कडी) जिथे बॉडीला आवळलेले असते, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड उजळ करावेच लागते. आवळून झाले की वरून ग्रीसचा लेप द्या, नाहीतर ते उघडे लोखंड आठवड्यात लाल होते.

मोजून खात्री करा

मल्टिमीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा, हेडलाइट लावा. एक टोक फ्यूजच्या माथ्यावरच्या उघड्या धातूला, दुसरे त्याच बाजूच्या वायरीच्या टर्मिनलला. आकडा ०.१ व्होल्टच्या खाली हवा. चांगल्या जोडात तो शतांशांत येतो. हेच दुसऱ्या बाजूला करा. दिवे बंद ठेवून मोजले तर काहीच कळत नाही, कारण करंट नसेल तर व्होल्टेज पडतच नाही.

पुरात बुडालेली गाडी

२०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीची बॅटरी सर्वांत आधी सोडवा. ओल्या जोडातून वीज वाहिली की पॉझिटिव्ह बाजूचे पितळ झपाट्याने विरघळते. चिखल वाळायच्या आत प्रत्येक कपलर उघडून स्वच्छ पाण्याने धुवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, मग दोन-तीन दिवस ऊन-वारा. वाळलेला गाळ फटीत ओल धरून ठेवतो, आणि वरून कोरडा दिसणारा कपलर सहा महिन्यांनी आतून हिरवा निघतो.

एरवी वर्षातून दोनदा पाहणी पुरते: मृग लागण्याआधी आणि दसऱ्याला. दसऱ्याला गाडी धुताना प्रेशरचा फवारा फ्यूजबॉक्स आणि कपलरवर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. मोजलेले आकडे तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवून ठेवा. पुढच्या खेपेला कोणत्या क्लिपेचा आकडा वाढला ते लगेच दिसते, आणि ती तापायच्या आत हाताशी येते.