घरी शिकवायचं की जिल्हा परिषदेच्या शाळेत? आधी एवढं बघा

मी लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातली. माझी लेक पहिलीत असताना लॉकडाऊन लागला. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जाऊनही तिला ना धड मराठी वाचता यायचं, ना इंग्रजी. म्हणून शाळा उघडल्यावरही नाव काढून तिला घरीच ठेवलं. दुसरी, तिसरी घरी झाली. चौथीला गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातलं. दोन्ही करून बघितलंय, म्हणून सांगते.

घरी शिकवणार असाल तर वही-पुस्तकावर सगळा भर देऊ नका. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात, ती वाचायला ठेवा. गणित मात्र घरातलं घ्या. आमच्याकडं डेअरीच्या पावतीवर लिटर, फॅट, दर असतो. दहा दिवसांचं बिल लेकीनं काढायचं. सोयाबीन आडतीवर विकल्यावर तिथली हिशोबाची पट्टी तिच्यासमोर ठेवायची, हमाली-तोलाई वजा करायला लावायची. हातच्याची वजाबाकी ती तिथंच शिकली. रोज दीड-दोन तास पुरतात, पण ते चुकवायचे नाहीत. मळणीच्या दिवसांत माझे चुकले, आणि महिनाभर मागं पडलो.

घरी एक गोष्ट मला देता आली नाही. चारचौघात ती बोलेनाशी झाली. पाहुणे आले की आज्जीच्या मागं लपायची. शाळेत गेल्यावर खो-खोच्या भांडणातून पहिल्यांदा तिचा आवाज चढला, तेव्हा मला रडू आलं.

शाळा बघायला आठवड्याच्या मधल्या दिवशी, न सांगता जा. पोषण आहाराच्या सुट्टीआधी वर्गाबाहेर थांबा. किती वर्गांना किती शिक्षक, ते विचारा. दोन शिक्षकांवर चार वर्ग असतील तरी लगेच नाक मुरडू नका. एक वर्ग बाई शिकवतात तेव्हा दुसरा काय करतो, ते बघा. तिसरीच्या एखाद्या लेकराला न शिकवलेल्या धड्यातल्या चार ओळी वाचायला सांगा. त्यात कळतं. रंगवलेल्या भिंतींवरून काही कळत नाही. मुलींच्या संडासात पाणी येतं का, हे आत जाऊन बघा.

घरी शिकलेलं लेकरू शाळेत घ्यायला कुणी खळखळ केली तर घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या लेकराला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, मात्र आधीच ठरवा. सहावीच्या प्रवेशाला ग्रामीण कोट्यातून बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेतच झालेली लागते. आमची तिसरी घरी झाली, आणि तो कोटा गेला. लेक हुशार होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहितेय. घरी शिकूनही दहावीची सोय होते. मुक्त विद्यालय आहे, बाहेरून बोर्डाची परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म आहे.

आता ती दिवसभर शाळेत असते, आणि डेअरीचं बिल अजूनही संध्याकाळी तीच काढते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या बायका लागतात. मी नाव दिलं. पहिल्याच बैठकीत संडासाच्या पाण्याचं बोलले. पुढच्या महिन्यात टाकी बसली.