ॲम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पीडन्सनुसार हेडफोन कसा निवडावा

हेडफोनच्या खोक्यावर ३२, ८० किंवा ३०० ओहम असा आकडा छापलेला असतो; तो हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध. ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (त्याच्या आउटपुटचा स्वतःचा असाच विरोध) मात्र माहितीपत्रकात पुष्कळदा सापडत नाही, आणि नेमका तोच कळल्याशिवाय जोडी जमवता येत नाही. हे दोन आकडे सारखे असावेत, असा एक जुना समज आहे; प्रत्यक्षात ॲम्प्लिफायरचा आकडा हेडफोनच्या आकड्याच्या एक-अष्टमांश किंवा त्याहून कमी असणे चांगले.

असे का, हे आधी पाहू. ॲम्प्लिफायरने निर्माण केलेला व्होल्टेज त्याचा स्वतःचा इम्पीडन्स आणि हेडफोनचा इम्पीडन्स यांच्यात वाटला जातो, आणि हेडफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना एकसारखा नसल्यामुळे ही वाटणीही स्वरागणिक बदलते. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन आहे, परंतु १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पीडन्स ५०० ओहमच्या घरात जातो. १० ओहमच्या ॲम्प्लिफायरवर यामुळे खर्ज जेमतेम ०.१ डेसिबलने वाढतो. १२० ओहमच्या ॲम्प्लिफायरवर ही वाढ सुमारे १ डेसिबल होते. खर्जात ६४ ओहमपर्यंत चढणारा ३२ ओहमचा हेडफोन त्याच १२० ओहमवर लावला, तर फरक ४ डेसिबलच्या वर जातो आणि तबल्याचा डग्गा गरजेपेक्षा जास्त घुमू लागतो. काहींना ही घुमार आवडते, पण ती मूळ ध्वनिमुद्रणात नसते. १२० हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या ६१९३८ क्रमांकाच्या मानकाने १९९६ मध्ये त्याचीच शिफारस केली होती.

आउटपुट इम्पीडन्स घरी मोजता येतो. त्यासाठी एसीमध्ये (प्रत्यावर्ती व्होल्टेज मोजताना) २ व्होल्टची किंवा त्याहून लहान रेंज असलेला मल्टिमीटर लागतो. अगदी स्वस्त मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यामुळे तो येथे निरुपयोगी आहे. प्रथम हेडफोन काढून ठेवावा, १०० हर्ट्झचा अखंड सूर लावावा आणि जॅकच्या एका चॅनेलवर सुमारे ०.३ व्होल्ट दिसेपर्यंत आवाज वाढवावा. त्यानंतर आवाजाच्या बटणाला हात न लावता त्याच चॅनेलवर ३३ ओहमचा रेझिस्टर जोडावा (पाव वॅटचा पुरतो, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो) आणि पुन्हा व्होल्टेज मोजावा. दोन व्होल्टेजमधील फरकाला दुसऱ्या व्होल्टेजने भागून ३३ ने गुणले की आउटपुट इम्पीडन्स मिळतो. समजा, ०.३०० चे ०.२३० व्होल्ट झाले, तर उत्तर सुमारे १० ओहम येते. व्होल्टेज जवळजवळ ढळलाच नाही, तर इम्पीडन्स एखाद्या ओहमच्या आत आहे असे समजावे.

आलेल्या आकड्याला ८ ने गुणावे; १० ओहमच्या ॲम्प्लिफायरसाठी हेडफोन ८० ओहमचा किंवा त्याहून अधिक असावा. प्लेनार मॅग्नेटिक (सपाट पातळ पडदा चुंबकांमध्ये हलवून आवाज काढणाऱ्या) हेडफोनला हा नियम फारसा लागू होत नाही, कारण त्यांचा इम्पीडन्स सर्व स्वरांना जवळपास सारखाच राहतो आणि फक्त एकूण आवाज कमी होतो. याउलट अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले घटक) असलेल्या इयरफोनचा इम्पीडन्स एखाद्या पट्ट्यात छापील आकड्याच्या बराच खाली उतरू शकतो, म्हणून त्यांना १ ओहम किंवा त्याहून कमी इम्पीडन्सचाच ॲम्प्लिफायर द्यावा.

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनचा जॅक अनेकदा स्पीकरच्याच आउटपुटवरून शेकडो ओहमच्या रेझिस्टरमार्गे काढलेला असतो, तेथे नियम काटेकोरपणे पाळणे अशक्य असते. अशा वेळी जास्त ओहमचा हेडफोन घ्यावा; बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा ३२, २५० आणि ६०० अशा तिन्ही आकड्यांत निघाला, त्यांपैकी ६०० ओहमचा येथे शोभतो. मोबाइलला तो थेट जोडल्यास मात्र आवाज अपुरा पडण्याचीच शक्यता अधिक, कारण मोबाइलचा आउटपुट इम्पीडन्स कितीही कमी असला तरी त्याचा व्होल्टेज तोकडा असतो.